हाडाच्या मुठीची सुरी घरी घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरी, चाकू, कोयती... यातलं नक्की काय बनवायचं?

मिटणारा तो चाकू, न मिटणारी ती सुरी. इथे सुरीबद्दलच बोलतो आहोत. कोकणातली रोजची हत्यारं म्हणजे कोयता, कोयती आणि विळी, आणि त्यांच्या मुठी लाकडाच्याच. हाडाची मूठ बाहेरून आलेली आहे. उत्तर प्रदेशातल्या संभलमध्ये हाड आणि शिंगाचं काम मोठ्या प्रमाणावर चालतं, तयार पट्ट्याही तिथून येतात.

पहिल्या सुरीसाठी ही मापं धरा: पातं ११० मिमी लांब, २८ मिमी रुंद, पाठीला ३ ते ४ मिमी जाड. मूठ ११० मिमी. पोलाद एकाच तुकड्याचं, टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत सलग. मुठीतल्या भागाला पुढे आम्ही ‘शेपूट’ म्हणू. शेपटाच्या दोन्ही अंगांना हाडाची एकेक पट्टी आणि आरपार दोन-तीन रिबिटा. बारीक शेपूट अख्ख्या हाडात घुसवायची पद्धतही आहे, पण हाडाची नळी पोकळ असते आणि ती पोकळी नीट भरणं पहिल्या खेपेला जमत नाही.

पोलाद कुठलं घ्यावं?

कोयते बनवणारे लोहार गाडीचा पाटा (चाकावरच्या कमान-स्प्रिंगची पट्टी) वापरतात आणि त्यात काही चूक नाही. आपल्याकडच्या पाट्यांचं पोलाद बहुधा सिलिको-मँगनीज (ईएन-४५ च्या जातीचं) किंवा क्रोम-व्हॅनेडियम (ईएन-४७) असतं. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का. धार बऱ्यापैकी टिकते आणि पातं चिवट राहतं, सहजी मोडत नाही. अडचण जाडीची आहे. जीपचा पाटा सहा-सात मिलिमीटर, ट्रकचा त्याहून बराच जाड. तो घासून ४ मिमीवर आणायचा म्हणजे ग्राइंडरच्या चकत्या आणि दिवस दोन्ही जातात. त्यापेक्षा ओळखीच्या लोहाराकडून तापवून, ठोकून जाडी उतरवून घ्या.

मासे कापायला पातळ सुरी हवी असेल तर सॉ मिलमधल्या रुंद बँडसॉचं टाकून दिलेलं पातं उत्तम. ते मुळातच एक-दीड मिलिमीटर असतं. मात्र दातांच्या टोकाला कार्बाइडचे तुकडे डकवलेलं गोल पातं घेऊ नका. त्यात कठीण असतात ते फक्त तुकडे. बाकीच्या पत्र्याचं काही सांगता येत नाही.

बांधकामाची सळई चालेल का?

नाही. तिच्यात कार्बन कमी असतो. कितीही तापवून विझवली तरी धार धरण्याइतकी कडक होत नाही. शंका आली तर ग्राइंडरवर टेकवून ठिणग्या बघा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. सुरीच्या पोलादाची ठिणगी टोकाला फुटते, फुलबाजीसारखी.

जुन्या पाट्यात आतून तडा असला तर?

असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. हजारो खड्डे खाल्लेला पाटा असतो तो. गंज काढून तुकडा रॉकेल किंवा डिझेलमध्ये तासभर बुडवा. मग कोरड्या फडक्याने लख्ख पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल दहा-पंधरा मिनिटांत बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटते. रेघ दिसली की तो भाग बाद. पाट्याचं मधलं भोक आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन इंच न बघताच टाकून द्यावेत.

हाड कुणाचं, कुठलं?

म्हशीचं किंवा रेड्याचं, पायाची नळी. तिच्या मधल्या भागाची भिंत जाड आणि बऱ्यापैकी सपाट असते. तीतून पाच-सहा मिलिमीटरची सरळ पट्टी निघते. बोकडाची नळी फारच पातळ. बरगडी आणि खांद्याचं हाड आतून जाळीदार असतं. घासताना वरचा थर संपला की खालून स्पंज निघतो.

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैस-रेडा त्या बंदीत येत नाहीत. त्यामुळे हाड म्हशीचंच आहे याची विकणाऱ्याकडे खात्री करून घ्या, जमल्यास पावती घ्या. कुत्र्यांना चघळायला मिळणारी भाजलेली हाडं मात्र नकोत. ती भाजताना ठिसूळ झालेली असतात आणि भोक पाडताना तडकतात.

किनाऱ्यावर मोठं हाड सापडलं, किंवा घरात आजोबांच्या वेळचं सांबराचं शिंग आहे. ते वापरलं तर?

वापरू नका. किनाऱ्याला लागलेलं मोठं हाड देवमाशाचं किंवा डॉल्फिनचं असू शकतं, पाठीची ढाल कासवाची. हे सगळे प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. सांबर-चितळाचं शिंग जंगलात आपोआप गळून पडलेलं असलं तरी ते उचलून त्याची मूठ करता येत नाही, विकता तर मुळीच येत नाही. किनाऱ्यावर असं काही दिसलं की हात न लावता वनखात्याला कळवा.

कच्चं हाड साफ कसं करायचं?

मुठीचं आयुष्य इथे ठरतं. हाडात चरबी राहिली तर गोंद धरत नाही, वर्षभरात पिवळे डाग फुटतात आणि मुंग्या लागतात.

आधी नळीची दोन्ही टोकं हॅक्सॉने कापून टाका आणि आतला मगज काठीने ढकलून काढा. मांसाचे धागे सुरीने खरवडा. मग पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चमचे टाकून मंद आचेवर तासभर ठेवा. पाणी उकळ्या फुटून खदखदू द्यायचं नाही, भांड्याच्या तळातून बारीक बुडबुडे सुटत राहिले की पुरे. जोरात उकळलं की हाडातला चिवटपणा देणारा भाग विरघळतो, हाड खडूसारखं होतं आणि चरबी उलट आत मुरते. घरच्या चुलीवर हे करू नका. वास दोन दिवस जात नाही आणि शेजारी विचारायला येतात.

मग नळी उभी चिरून पट्ट्या पाडा. अख्ख्या नळीपेक्षा पट्टीतली चरबी लवकर निघते. पट्ट्या कोमट पाण्यात लिक्विड घालून भिजत ठेवा आणि पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. वर तेलाचा तवंग यायचा थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं, दोन-तीन आठवडे लागतात. घाई असेल तर झाकणाच्या काचेच्या बरणीत ॲसिटोन भरून त्यात आठवडाभर. पण ॲसिटोन पेट्रोलसारखं भडकतं. बरणी घराबाहेर, सावलीत आणि भट्टीपासून लांब ठेवा.

चरबी गेली का, हे कसं कळेल?

पट्टी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर ठेवून दुपारच्या उन्हात तासभर राहू द्या. कागदावर तेलकट पारदर्शक डाग पडला तर पुन्हा भिजवा. नाही पडला तर पुढे चला.

पांढरं करायला मेडिकलमधलं सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तेवढंच पाणी एकत्र करून पट्ट्या त्यात एक-दोन दिवस ठेवा. झाकण घट्ट लावू नका, वायू साठून बरणी फुटते. फरशी पुसायचं क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. त्याने हाड झटकन पांढरं दिसतं, पण त्याचा परिणाम आत चालूच राहतो आणि काही महिन्यांनी पृष्ठभागाची भुकटी सुटते.

शेवटी सावलीत, वाऱ्यावर तीन-चार आठवडे वाळवण. उन्हात वाळवलं की पट्टी धनुष्यासारखी वाकते.

पावसाळ्यात हे काम करावं का?

पोलादाचं करा, हाडाचं नको. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या हवेत वाळलेलं हाड म्हणजे ओलं हाडच. जुलैत चिकटवलेली पट्टी मार्चमध्ये आकसते आणि रिबिटीपाशी चीर पडते. पाऊस ओसरून दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की हाड वाळत घाला आणि मार्च-एप्रिलमध्ये मूठ बसवा. ज्यांना थांबवत नाही त्यांनी लाकडी खोक्यात ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावून त्यात पट्ट्या ठेवाव्यात, मात्र बल्बपासून वीतभर तरी लांब.

भट्टी चिऱ्याची बांधली तर?

जांभ्याचा चिरा पाणी धरून ठेवतो. ओल्या चिऱ्याला एकदम आच लागली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि चिरा फुटून कपच्या उडतात. काँक्रीटच्या ठोकळ्यांचंही तेच. चिरा बाहेरच्या कठड्याला वापरा आणि आतून चिकणमाती व भाताचा तूस मळून दोन इंचांचा लेप द्या. लेप आठवडाभर वाळू द्या आणि पहिला जाळ अगदी मंद करा.

सुरीपुरती भट्टी छोटीच असते: आतून एक फूट लांब, अर्धा फूट रुंद, बाजूने लोखंडी नळी आणि नळीला भाता किंवा हाताने फिरवायचा पंखा. करवंट्यांचा कोळसा इथे मुबलक आणि फार चांगला. आच कडक देतो, राख कमी. सुपारीएवढे तुकडे करा. मोठे असले की मध्ये पोकळी राहते, त्यातून वाऱ्याचा झोत थेट पात्यावर येतो आणि पोलादाचा वरचा थर जळतो.

आकार देताना काय लक्षात ठेवावं?

पाटा आधी मऊ करून घ्या: लालभडक तापवून राखेच्या ढिगात रात्रभर पुरून ठेवायचा. सकाळी कानस लोण्यासारखी चालते. पुठ्ठ्याचा साचा ठेवून आकार आखा, कापा, मग कानशीने उतार काढा. उतार पाठीच्या थोडं खालून सुरू करून धारेपर्यंत आणा, पण धार आत्ता काढायची नाही. धारेच्या जागी १ मिमी जाडी, म्हणजे जवळपास दहा रुपयांच्या नाण्याच्या निम्मी, शिल्लक ठेवा. पातळ धार विझवताना लहरते नाहीतर तडकते.

रिबिटांची भोकं पाणी देण्याआधीच (म्हणजे पातं तापवून, विझवून कडक करण्याआधीच) पाडा. हे विसरणारे पुष्कळ भेटतात. कडक झालेल्या शेपटात साधा ड्रिल शिरत नाही, नुसता किंचाळतो. रिबिटांच्या भोकांखेरीज शेपटात ६ मिमीची तीन-चार भोकं जास्तीची पाडा. गोंद त्यातून आरपार जातो आणि दोन्ही पट्ट्यांना आतून एकमेकींशी बांधतो.

विझवण्यापूर्वी पातं तीन वेळा लाल करून स्थिर हवेत काळं होईपर्यंत गार होऊ द्या. ठोकताना पोलादात बसलेले ताण त्याने मोकळे होतात.

पाणी कसं द्यायचं? पाण्यातच?

‘पाणी देणं’ म्हणतात खरं, पण पाट्याच्या पोलादाला तेल हवं. पाण्यात टाकलं की ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो आणि धारेला आडवी चीर पडलेली असते.

शेंगदाण्याचं तेल ३ लिटर, उभ्या लोखंडी डब्यात. प्लास्टिकची बादली चालत नाही. एक लोखंडाचा तुकडा तापवून त्यात बुडवून तेल ५० ते ६० अंशांवर आणा, म्हणजे बोट एक-दोन सेकंदच टिकेल इतकं. गरम तेल पातळ असतं आणि पात्याभोवती लवकर फिरतं. खोबरेल वापरता येतं, पण थंडीत ते थिजलेलं असतं आणि धूर लवकर धरतं. गाडीचं जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो.

पातं सारखं पुढेमागे करत एकसारखं तापवा. अधूनमधून चुंबक लावून बघा. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून रंगाची आणखी एक छटा वर न्या, म्हणजे ८५० अंशांच्या जरा पुढे. रंग बघायला सावली हवी. भर उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि माणूस पोलाद जाळून बसतो. संध्याकाळ चांगली.

मग एका दमात, टोक खाली करून, सरळ तेलात. हलवायचं ते वरखाली किंवा धार-पाठीच्या दिशेने. डावी-उजवीकडे हलवलं की एक बाजू आधी गार होते आणि पातं वाकतं. अर्धवट बुडवलंत तर तेल पेट घेतं. जवळ डब्यावर बसेल असं झाकण आणि वाळूची बादली ठेवा. पेटलेल्या तेलावर पाणी ओतायचं नाही.

कडक झालं की नाही, कसं ओळखायचं?

काळी खपली घासून धारेवर कानस फिरवा. काचेवर फिरवल्यासारखी घसरली तर काम झालं. रुतली तर लगेच निराश होऊ नका. वरचा केसभर थर भट्टीत कार्बन गमावून मऊ झालेला असतो. चार-पाच हात घासून पुन्हा बघा. तरीही रुतत असेल तर तापमान कमी पडलं. आधीसारखं तीन वेळा लाल करून हवेत गार करा आणि पुन्हा पाणी द्या.

थोडं वाकलं असेल तर तेलातून काढल्यावर पहिल्या मिनिटात, हातमोजे घालून, दोन फळ्यांत दाबून सरळ करा. गार झाल्यावर प्रयत्न केलात तर तुकडे होतात.

पाणी उतरवायला (म्हणजे कडक पात्याचा ठिसूळपणा कमी करायला) ओव्हनच लागतो का?

केकचा ओटीजी पुरतो. विझवलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, हातातून फरशीवर पडलं तरी मोडतं. त्यामुळे त्याच दिवशी, तासाभरात, २०० अंशांवर दोन तास ठेवा, गार होऊ द्या, पुन्हा दोन तास. ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. ओव्हन नसेल तर जाड कढईत वाळू तापवून त्यात पातं पुरा. आधी पात्याचा एक भाग पॉलिश पेपरने चकचकीत करून घ्या. तिथे वाळल्या गवताचा फिका पिवळा रंग आला की बस. तपकिरी झाला तर धार थोडी लवकर जाईल, पण सुरी वापरण्यासारखी आहे. निळा झाला तर पहिल्यापासून.

यापुढे ग्राइंडरवर काम करताना पातं उघड्या हाताने धरा आणि दर पासनंतर पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसला की तिथे पाणी उतरायला लागलं समजा. (फिरत्या चाकाजवळ सैल हातमोजे तसेही नकोत.)

मूठ कशी बसवायची, म्हणजे ती टिकेल?

कोकणात हाडाची मूठ हाडामुळे जात नाही. ती आतून जाते. खारी, दमट हवा हाड आणि शेपूट यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत शिरते आणि शेपूट गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो पट्टीला आतून ढकलतो. बाहेरून आपल्याला फक्त रिबिटीपाशी चीर दिसते आणि आपण हाडाला दोष देतो. म्हणून खाली जे काही आहे ते फट बंद करण्यासाठी आहे.

पट्टीची आतली बाजू सपाट हवी. जाड काच टेबलावर ठेवा, तिच्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि पट्टी आठाच्या आकड्यासारखी फिरवा. पेन्सिलीने आतल्या बाजूला आडव्या रेघा मारल्यात तर कुठे खड्डा राहिला ते कळतं. सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या पाहिजेत. मग पट्टी शेपटावर ठेवून उजेडासमोर धरा. उजेडाची तार दिसली तर परत काचेवर. बाहेरून हाड घट्ट आणि आतून, मगजाच्या बाजूला, बारीक काळ्या टाचण्यांसारखी छिद्रं, हे नेहमीचंच आहे. छिद्रांची बाजू शेपटाकडे ठेवा, गोंद तिथे चांगला धरतो.

हाड आणि पोलादामध्ये पातळ अस्तर द्यावं. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडचा लाल-काळा लेदरॉइड कागद बरेच जण सुचवतात. दिसतो छान, पण तो पाणी पितो आणि फुगतो. किनाऱ्यावर तो नकोच. त्याच दुकानात अर्ध्या मिलिमीटरची ग्लास-एपॉक्सी शीट मिळते, ती घ्या. कापताना मास्क हवा.

आता पट्टीची पात्याकडची कड. ती चिकटवण्याआधीच ४०० नंबरपर्यंत घासून, गोलाई देऊन, पॉलिश करून पूर्ण करा. नंतर तिथे हात पोचत नाही आणि पोचला तर पात्यावर ओरखडे पडतात.

शेपूट ८० नंबरने खरखरीत करा, ॲसिटोनने पुसा आणि पुन्हा बोट लावू नका. गोंद चोवीस तासांत वाळणाऱ्या जातीचा एपॉक्सी, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात. पाच मिनिटांवाला दमट हवेत कमी पडतो. शेपटावर, पट्ट्यांवर, भोकांत, रिबिटांवर, सगळीकडे लावा. क्लॅम्प आवळताना कडेने गोंदाची बारीक माळ बाहेर आली की थांबा. जोर काढून आवळलं तर सगळा गोंद बाहेर येतो आणि आत कोरडा सांधा उरतो. पात्याकडून बाहेर आलेला गोंद ओला असतानाच ॲसिटोनच्या बोळ्याने पुसा.

रिबिटा ठोकायच्या की नाही?

लाकडाच्या मुठीत ठोकतात, हाडात नको. रिबीट ठोकली की ती भोकात फुगते आणि हाड लाकडासारखं दबत नाही, चिरतं. ३ मिमीची पितळी सळई घ्या आणि हाडात ३.२ मिमीचं भोक पाडा. सळई सहज सरकली पाहिजे. तिला कानशीचे ओरखडे द्या, म्हणजे गोंद धरेल. भोक पट्टीच्या कडेपासून निदान ६ मिमी आत असावं. पाडताना खाली लाकडाचा ठोकळा, ड्रिलचा वेग कमी आणि मध्येमध्ये थांबणं. जळक्या केसांचा वास आला तर हाड तापतं आहे.

पितळ आणि पोलाद एकमेकांना टेकले आणि मध्ये खारी ओल आली तर गंजतं ते पोलाद. म्हणून रिबिटीभोवतीची जागाही गोंदाने पूर्ण भरलेली हवी.

लाख किंवा राळ चालेल का, जुन्या पद्धतीने?

अख्ख्या मुठीत शेपूट घुसवताना चालते. लाख वितळवून ओतायची आणि तापवलेलं शेपूट आत दाबायचं. पट्ट्यांच्या मुठीला ती धरत नाही. शिवाय मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या सुरीची लाख मऊ पडते.

हाड घासताना मास्क कशाला?

हाडाची धूळ पिठासारखी बारीक असते आणि फुप्फुसात बसते. कच्च्या, नीट साफ न केलेल्या हाडातून काळपुळीसारखे रोगही येऊ शकतात. एन-९५ मास्क लावा आणि पाणी लावून घासा, म्हणजे धूळ उडतच नाही. जागा अंगणात, धान्याच्या कोठीपासून लांब.

मुठीला रंग देता येतो का?

येतो. काताने सुंदर तांबूस-तपकिरी होते. चिपळूण-सावर्ड्याकडचा कात, एका लिटर पाण्यात ५० ग्रॅम, कोमट, त्यात पट्टी दोन दिवस. कडक चहाने फिका मधासारखा रंग येतो. रंग वरवर बसतो, घासला की जातो. म्हणून आधी पट्टीला अंतिम मापाच्या जवळ आणा, रंगवा, आठवडाभर वाळवा आणि मग बसवा.

धार किती अंशांची?

प्रत्येक बाजूने १५ अंश. २८ मिमी रुंद पात्याची पाठ दगडापासून साधारण ७ मिमी वर धरली की तेवढा कोन होतो. नारळ सोलायला ही सुरी वापरणार असाल तर (वापरू नका, त्याला कोयता आहे) २० अंश. धार काढण्याआधी धारेच्या मागची जाडी ०.४ मिमीवर आणा. त्याहून जाड ठेवलीत तर सुरी कांद्यात शिरत नाही, कांदा फाडते. ४०० चा दगड, मग १०००. दुसऱ्या बाजूला उलटलेली पातळ कड बोटाला लागते. ती जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने ओढून काढा.

खाऱ्या हवेत गंज कसा आवरायचा?

वापरून झाली की धुवा, लगेच पुसा, ओट्यावर ओली सोडू नका. कैरी कापली की पातं काळं पडतं, ते पडू द्या. तो काळा-करडा थर लाल गंजाला थोडाफार अडवतो. मुद्दाम आणायचा असेल तर साधं व्हिनेगर कोमट करून त्यात पातं अर्धा तास बुडवा. कोकमाचं आगळ या कामाला घेऊ नका. त्यात मीठ असतं आणि मिठाने खड्डे पडतात. फणसाचा चीक लागला तर खोबरेल चोळून काढा.

पात्याला मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन लावा, ते खवट होत नाही. हाडाला कुठलंही तेल नको, पिवळं पडतं. वर्षातून दोनदा मधमाशांचं मेण फडक्याने पातळ चोळा आणि मुठीच्या कडेच्या सांध्यावर जरा जास्त. रिबिटांवर हिरवा कळंक आला तर लिंबू न लावता कोरड्या मऊ फडक्याने काढा. चामड्याच्या म्यानात सुरी ठेवून देऊ नका. चामडं पावसाळाभर ओल धरतं. म्यान सागवानाचं किंवा फणसाच्या लाकडाचं करा, तळाला एक बारीक भोक ठेवा.

होडीवर न्यायला ही सुरी कशी?

नको. समुद्राच्या पाण्यात, माशांच्या खवल्यांत आणि रक्तात दिवसभर राहणाऱ्या सुरीला स्टेनलेसचं पातं आणि प्लास्टिकची मूठ बरी. हाडाची सुरी घरात आणि वाडीत ठेवा.

घरात हाड चालत नसेल तर?

जुन्या माडाच्या खोडाचं बाहेरचं काळं लाकूड घ्या. शिसव, खैरही चांगले. बसवण्याची रीत हीच, फक्त रिबिटा हलक्या हाताने ठोकता येतात.

अशी सुरी बनवायला परवाना लागतो का?

शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. ११० मिमीची स्वयंपाकघरातली सुरी या मापात बसत नाही. पण ती कमरेला लावून बाजारात किंवा जत्रेत फिरू नका. सणासुदीला, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि तेव्हा माप कुणी काढत बसत नाही. न्यायचीच असेल तर म्यानात, कापडात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी.

उंदीर मूठ कुरतडतात. काय करावं?

हाड त्यांना आवडतंच, चुन्याच्या अंशासाठी ते जंगलातली हाडंही कुरतडतात. कुत्र्याचं तर विचारायलाच नको. सुरी फडताळात किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवा. दातांचे ओरखडे उथळ असतील तर २२० आणि मग ४०० नंबरने ओलं घासून जातात. कड खोलवर खाल्ली असेल तर ती पट्टी बदला. ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आसपास तापवली की एपॉक्सी मऊ होतो आणि पट्टी पातळ पट्टीने उचकटून निघते. पात्याचं पाणी त्याने उतरत नाही.